जुनी गाडी, नवा गिअरबॉक्स : मद्रासच्या हेराल्डची गोष्ट

इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तंजावर, जिथे जिथे मराठी कान आहेत तिथून या मालिकेला पत्रं येतात. त्यांत एक प्रश्न वारंवार येतो. ‘कर्नल साहेब, तुम्ही लढायांवर बोलता, तोफांवर बोलता, पण तुमची नोकरी तर गाड्यांत गेली. गाड्यांवर कधी बोलणार?’ खरं आहे. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. माझ्या हाताखाली फौज होती ट्रकांची. म्हणून आजचा भाग गाड्यांवर, आणि गाडीच्या अशा एका भागावर, जो कुणाला दिसत नाही पण ज्याच्याशिवाय इंजिन नुसतं ओरडत बसतं. गिअरबॉक्स.

प्रश्न असा आहे : साठ वर्षांपूर्वीच्या, नाजूक आणि देखण्या गाडीत आजच्या काळाचा पाच गिअरचा बॉक्स बसवावा का? जाणकारांची डोकी या प्रश्नावर तापतात. एक पक्ष म्हणतो, हा वारशाचा खून आहे. दुसरा म्हणतो, गाडी चालवायला असते, काचेत ठेवायला नसते. मी चेन्नईत राहतो, आणि चेन्नई या वादाचं उत्तर शोधायला चांगलं गाव आहे. कारण इथल्या एका कारखान्यानं या वादाच्या दोन्ही बाजू जगून दाखवल्या.

आधी गिअरचा इतिहास, थोडक्यात

पेट्रोल इंजिनाला एक खोड असते. ते ठरावीक फेऱ्यांमध्येच नीट जोर लावतं. चाकांना मात्र चढावर एक वेग लागतो, सपाटीवर दुसरा. मध्ये तडजोड घडवून आणणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. सुरुवातीच्या काळात गिअर बदलणं म्हणजे फिरत्या दात्यांत फिरते दाते ढकलणं. वेग जुळला नाही तर करकचून आवाज यायचा आणि शेजारी वळून बघायचे. १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅकनं सिंक्रोमेश आणलं. दाते भिडण्याआधी छोटी कडी घर्षणानं दोघांचा वेग जुळवते, मग दाते आपसूक बसतात.

हे शोध स्वस्त गाड्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. आपल्या मुंबईच्या जुन्या फियाट ११०० ला पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. ज्यांनी ती चालवली त्यांना आठवत असेल, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. फौजेत आम्ही जबलपूरचा शक्तिमान ट्रक चालवायला शिकलो तेव्हा उस्ताद एकच मंत्र द्यायचे : क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलेटर द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. यालाच डबल डिक्लच म्हणतात. डोंगराच्या वळणावर, मागे पाच टन दारूगोळा असताना हे चुकलं तर हात नव्हे, काळीज हलायचं.

मद्रासची स्टँडर्ड

आता मद्रासकडे येऊ. १९४८ मध्ये इथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडच्या कॉव्हेंट्रीतली स्टँडर्ड मोटर कंपनी आणि मद्रासची युनियन कंपनी यांची ही भागीदारी. शहराच्या दक्षिणेला वंडलूर-पेरुंगळत्तूरच्या पट्ट्यात कारखाना. पहिली गाडी व्हॅनगार्ड. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, तीनच गिअर, पण तिन्हींना सिंक्रोमेश.

पन्नासच्या दशकात सरकारनं ठरवलं की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी जावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. राहिल्या त्यांत कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं भारतीय मध्यमवर्गाची मोटार म्हणजे अँबेसेडर, फियाट आणि हेराल्ड.

ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ मध्ये आली. इटालियन रेखाटनकार जोव्हानी मिकेलॉटी यांनी तिचं रूप काढलं. इंजिन ९४८ सीसी. त्या काळात इतर छोट्या गाड्या चासीशिवाय बनू लागल्या होत्या, पण हेराल्डला वेगळी चासी होती. पुढचं सगळं बॉनेट, मडगार्डांसकट, पुढे उलटं उघडायचं. इंजिन, पुढची चाकं, सस्पेन्शन, सगळं समोर मोकळं. मेस्त्री टायरवर बसून काम करायचे. आणि गाडी फक्त २५ फुटांच्या वर्तुळात वळायची, मैलापूरच्या गल्लीत रिक्षासारखी. १९६१ पासून ती मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली.

स्पोर्ट्स कारचा संबंध इथे येतो. १९६२ मध्ये हेराल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं स्पिटफायर ही दोन आसनी उघडी स्पोर्ट्स कार काढली. स्पिटफायर आणि हेराल्ड सख्ख्या बहिणी. आयातीचे दरवाजे बंद असलेल्या भारतात खऱ्या स्पोर्ट्स कार बोटांवर मोजण्याइतक्या, राजेरजवाड्यांकडे. सामान्य माणसासाठी स्पोर्ट्स कारच्या सर्वांत जवळची गाडी म्हणजे दोन दारांची हेराल्ड.

शोलावरम

मद्रासच्या उत्तरेला शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी होती. युद्ध संपलं, विमानं गेली, काँक्रीट उरलं. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि या पट्टीवर शर्यती होऊ लागल्या. मी १९८३ मध्ये सेंट थॉमस माऊंटला कॅडेट होतो. उन्हात भाजलेलं काँक्रीट, गवताच्या गंजींची कुंपणं आणि मुंबई, कलकत्ता, बंगळूर, कोइमतूरहून आलेल्या गाड्या, हे मी तिथे पाहिलं.

शोलावरममध्ये ‘मूळ रूप’ असा शब्द कुणी उच्चारत नसे. परदेशी भाग मिळत नव्हते, परकीय चलन नव्हतं. एका गाडीचं कार्ब्युरेटर दुसरीला, तिसरीचा गिअरबॉक्स चौथीला, हाच मार्ग. या परंपरेतला मोठा माणूस म्हणजे कोइमतूरचे एस. करिवर्धन. मारुती ८०० आल्यावर त्यांनी तिचंच इंजिन आणि तिचाच गिअरबॉक्स घेऊन एकआसनी शर्यतीची गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, भरवशाच्या यंत्रणेवर त्यांनी एका पिढीचं शिक्षण उभं केलं. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याच शाळेतून गेला. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टैला क्लबचा स्वतःचा ट्रॅक झाला आणि शोलावरमचं पर्व संपलं. १९९५ मध्ये करिवर्धन विमान अपघातात गेले.

कारखान्यांनी स्वतः काय केलं

आता वारशाचा खून म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट विचारतो. भारतात जुन्या गाडीत नवा गिअरबॉक्स सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर कुणी बसवला? गॅरेजवाल्यांनी नव्हे, खुद्द कारखान्यांनी.

अँबेसेडर ही १९५७ ची गाडी, मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती. नव्वदच्या दशकात तिच्यात जपानच्या इसुझूचं १८०० सीसी इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. अंग तेच, आतडी नवी. आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनीचंही तेच झालं. शेवटच्या काळात तिचा स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन निस्सानच्या तंत्राचा, जमिनीवरच्या दांड्याचा गिअरबॉक्स आला. टॅक्सीवाल्यांनी कौतुक केलं, कुणी रडलं नाही.

मद्रासच्या स्टँडर्डनं मात्र उलटा प्रयोग केला. १९८५ मध्ये त्यांनी स्टँडर्ड २००० आणली. अंग होतं ब्रिटिश रोव्हर एसडी१ चं, १९७७ मध्ये युरोपात ‘कार ऑफ द इयर’ ठरलेल्या गाडीचं. ब्रिटनमध्ये त्यात साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळायचं. मद्रासला त्यात बसवलं व्हॅनगार्ड घराण्याचं १९९१ सीसी इंजिन, ज्याची मुळं चाळीसच्या दशकातली. सुमारे ८३ अश्वशक्ती, एवढ्या मोठ्या गाडीला. नव्या अंगात जुनं हृदय. किंमत मोठी, दम कमी. तोवर मारुतीनं लोकांच्या अपेक्षा बदलल्या होत्या. १९८८ पर्यंत उत्पादन थांबलं.

पुढचा प्रसंग मला फार सूचक वाटतो. कारखान्यात पडून राहिलेला रोव्हरच्या सुट्या भागांचा साठा ब्रिटनमधल्या रिमर ब्रदर्स या जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या कंपनीनं उचलला. जे भाग मद्रासमध्ये गाडी वाचवू शकले नाहीत, ते विलायतेतल्या हौशी मालकांच्या कामी आले. त्याच रोव्हर एसडी१ साठी बनवलेला पाच गिअरचा एलटी७७ बॉक्स पुढे ट्रायम्फ टीआर७ आणि लँड रोव्हरमध्ये गेला. त्यातले ७७ म्हणजे दोन मुख्य शाफ्टमधलं मिलिमीटरमधलं अंतर. वंडलूरच्या त्या जागेवर आज आयटी पार्क आणि उंच इमारती आहेत.

प्रत्यक्ष काम कसं असतं

इंग्लंडमध्ये एमजीबी, स्पिटफायर अशा गाड्यांत पाच गिअरचा बॉक्स बसवणं हा आता छोटा धंदाच आहे. १९८२ च्या फोर्ड सिएराचा ‘टाइप नाइन’ बॉक्स तिथे लोकप्रिय. तयार संच मिळतो, रविवारी बसवा. आपल्याकडे असा संच नाही, म्हणून विचार मुळापासून करावा लागतो.

पहिली अडचण : बॉक्स कोणता? चेन्नईच्या आसपास लाखो गाड्या बनतात, पण त्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच डब्यात, इंजिनाच्या बाजूला आडवे. हेराल्डसारख्या उभ्या इंजिनाच्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तो निरुपयोगी. उरतात थोडे : काँटेसा आणि अँबेसेडरचा इसुझू बॉक्स, काही जीप आणि व्हॅन, आणि मारुती जिप्सी.

जिप्सी म्हटलं की फौजी माणूस सुखावतो. लेहपासून तवांगपर्यंत ती आमच्याखाली होती. तिचा पाच गिअरचा बॉक्स छोटा, हलका. आणखी एक सोय अशी की चारही चाकांना जोर वाटणारा ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागे वेगळा बसवलेला असतो, मध्ये आखूड शाफ्ट. म्हणजे ट्रान्स्फर केस बाजूला ठेवला की उरतो साधा, मागच्या चाकांसाठीचा गिअरबॉक्स.

माझे एक मित्र, मूळचे बेळगावचे, चेन्नईत नोकरी करून इथेच स्थायिक झालेले. त्यांच्याकडे दोन दारांची हेराल्ड आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या गिअरबॉक्समधले दाते गेले. जुने दाते मिळेनात, मिळाले ते त्याहून झिजलेले. पुदुपेट्टैच्या जुन्या भागांच्या बाजारातून जिप्सीचा बॉक्स आणला, जनरल पॅटर्स रोडवरून बेअरिंगं आणि सीलं, आणि अंबत्तूरच्या एका लेथ पट्टरैत काम सुरू झालं. पट्टरै म्हणजे तमिळमध्ये कारखानी. तिथले वयस्क टर्नर मला ‘सार’ म्हणायचे, मी त्यांना ‘अण्णा’.

कामाचा क्रम ऐका, कारण यात खरी विद्या आहे.

इंजिनाच्या मागच्या तोंडाची भोकं एका ठिकाणी, गिअरबॉक्सच्या तोंडाची दुसऱ्या ठिकाणी. दोघांमध्ये जाड अॅल्युमिनिअमची अडॅप्टर प्लेट. प्लेट कापणं सोपं. कठीण आहे मध्य जुळवणं. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा. जुन्या कारागिरांचा अंगठ्याचा नियम असा : डायल गेज फिरवून बघा, काटा इंचाच्या पाच हजारांश भागापेक्षा जास्त हलता कामा नये. जास्त हलला तर गाडी पहिल्या दिवशी उत्तम चालते आणि काही महिन्यांत बेअरिंग खाते. अण्णांनी तीन वेळा प्लेट उतरवली. मित्र वैतागले. अण्णा शांतपणे म्हणाले, ‘सार, आज मी वेळ घेतला नाही तर नंतर रस्ता वेळ घेईल.’

मग क्रँकशाफ्टच्या टोकाचा छोटा ब्राँझचा बुश, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फिरतं. तो नव्या मापाचा घडवावा लागतो. क्लच प्लेटचा बाहेरचा घेर हेराल्डच्या फ्लायव्हीलला जुळणारा हवा, पण मधल्या तोंडाच्या खाचा जिप्सीच्या शाफ्टच्या. हेराल्डचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो, जिप्सीचा केबलवर. म्हणजे तिथेही जोडकाम. प्रॉपेलर शाफ्ट नव्या लांबीचा आणि बॅलन्स केलेला. हेराल्डची मेहेरबानी अशी की मूळ रचनेत तिचं डिफरन्शिअल चासीला बांधलेलं असतं, चाकांबरोबर वरखाली होत नाही, त्यामुळे शाफ्टचा कोन फारसा बदलत नाही. आतलं गिअरबॉक्सचं झाकणही वेगळं निघतं, त्यामुळे पत्रा कापावा लागला नाही.

आणि एक गंमत. सगळं जुळल्यावर लक्षात येतं की स्पीडोमीटरला केबल कुठून द्यायची? जिप्सीत ती ट्रान्स्फर केसमधून निघते, आणि तो तर आपण काढून ठेवला. प्रॉपेलर शाफ्टवर चुंबक आणि सेन्सर लावून हा प्रश्न सोडवावा लागला.

मिळालं काय

जिप्सीच्या बॉक्सचा पहिला गिअर ३.६५२, चौथा १, पाचवा ०.७९५. हेराल्डचा वरचा गिअर म्हणजे चौथाच, १. ब्रिटनमधल्या ९४८ सीसी हेराल्डच्या डिफरन्शिअलचं प्रमाण ४.८७५ होतं. त्या हिशेबानं ताशी ९० किलोमीटरला इंजिन चौथ्यात साधारण ४,१०० फेरे मारतं, पाचव्यात साधारण ३,३००. मिनिटाला आठशे फेरे कमी. चाळीस अश्वशक्तीच्या आतल्या म्हाताऱ्या इंजिनाला ही फार मोठी विश्रांती आहे. चढ आला की मात्र चौथ्यात यावं लागतं. पाचवा गिअर ताकद देत नाही, दम वाचवतो.

पूर्वी गेस्ट हाऊसच्या गेटपर्यंत जाणारी ही गाडी आता पाँडिचेरीला जाऊन येते. ईस्ट कोस्ट रोडवर पाचव्यात टाकली की तिच्यात बसून माणसं एकमेकांशी बोलू शकतात.

कायदा आणि वारसा

इथे सावध राहायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या खासगी वाहनांसाठी वेगळी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

त्या अटीत गिअरबॉक्सचं नाव नाही. पण ‘मूळ रूप’ या शब्दाचा अर्थ समोरचा अधिकारी लावणार. म्हणून हात घालण्याआधी आरटीओत जाऊन लेखी विचारा, आणि आधीच ठरवा की गाडी संग्रहातली ठेवायची आहे की चालवायची आहे. दोन्ही मार्ग मानाचे आहेत. दोन्ही एकाच गाडीवर जमत नाहीत.

माझं मत विचाराल तर फौजेचा एक धडा सांगतो. यंत्रात फेरफार करायला फौज घाबरत नाही, पण फेरफाराची नोंद ठेवते. काय काढलं, काय लावलं, कुणी, कधी. मित्रांच्या हेराल्डचा जुना बॉक्स तेल लावून, मेणकापडात गुंडाळून पेटीत ठेवलेला आहे. चासीवर एकही नवं भोक नाही. अडॅप्टर प्लेटचं रेखाचित्र मापांसकट कागदावर आहे. उद्या कुणाला गाडी जशीच्या तशी परत करायची असेल तर ती एका आठवड्यात होईल. जो बदल परत फिरवता येतो, त्यानं वारसा मरत नाही. जी गाडी दात्यांअभावी गॅरेजच्या कोपऱ्यात गंजून भंगारात जाते, तिचा वारसा मात्र नक्की मरतो. मद्रासमध्ये बनलेल्या हेराल्ड आता अशाच एकेक करून संपत चालल्या आहेत.

आणि शेवटी त्या अण्णांबद्दल. त्यांच्या पट्टरैत आता संगणकावर चालणारी यंत्रं आहेत. हजार सारखे तुकडे ती डोळे मिटून काढतात. पण एकच तुकडा, जो आजवर कुणी बनवला नाही, तो घडवायचा असेल तर डायल गेजपुढे बसून काटा बघणारा माणूस लागतो. त्यांचा मुलगा बँकेत आहे, लेथवर बसणार नाही. तुमच्या गावात, कोल्हापूरच्या उद्यमनगरात, बेळगावच्या फाउंड्रीजवळ, इचलकरंजीत असा माणूस असेल तर त्याच्याकडे जा. काम नसलं तरी जा. त्याला विचारा, त्यानं काय काय घडवलं, आणि मापांसकट लिहून घ्या. गाड्यांचे भाग एक वेळ पुदुपेट्टैत मिळतील. ही माणसं तिथे मिळणार नाहीत.

पुढच्या भागात शक्तिमान ट्रकवर बोलू. जबलपूरला ज्यांनी नोकरी केली असेल त्यांनी आठवणी जरूर पाठवा. जय हिंद.